वर म्हणजे वाऱ्याकडे

पैज अशी होती: आमचं बेट समुद्राच्या तळाला साखळीनं बांधलेलं आहे आणि वादळाच्या महिन्यांत ते वाऱ्यासरशी थोडं फिरतं, हे मी पाहुण्याच्या गळी उतरवायचं. पाहुणा कोण, तर पुढच्या फेरीबोटीतून पहिला उतरेल तो. साक्षीला मिस यूडीन. त्यांच्या दुकानाच्या पायरीवर उभं राहून पाहुण्यानं स्वतःच्या तोंडानं म्हणायला हवं, की हो, फिरतं.

मी जिंकलो तर मिस यूडीननी रविवारी चर्च सुटल्यावर सगळ्यांदेखत सांगायचं, की गार्नेट हा या बेटावरचा सगळ्यात देखणा पुरुष. हरलो तर त्यांची चर्चची टोपी, ती जांभळी, फुलांची, नाकापर्यंत जाळी येणारी, ती घालून मी फेरीच्या वेळी धक्क्यावर उभं राहायचं. आणि फेरी सुटेपर्यंत कुणी काहीही विचारलं तरी फक्त खरं बोलायचं.

"टोपीचं काही नाही," कॉस्मो म्हणाला. "दुसरं झेपायचं नाही त्याला. अंगावर पुरळ उठेल."

कॉस्मो आमचा गवंडी. टाक्या बांधतो, घरं बांधतो आणि थडग्यावर दगड बसवतो. आम्ही तिघं दुकानापुढं बदामाखाली डोमिनो खेळत होतो. मिस यूडीन आमच्याहून मोठ्या, सत्तरीच्या पुढच्या, पण सोंगटी आपटतात तेव्हा टेबलाचा पाय हलतो.

"एवढं बिनडोक माणूस बोटीत बसवून कुणी धाडत नाही," त्या म्हणाल्या.

"मिस यूडीन, माझ्या जीपमधून उतरताना माणसं काय काय गिळून उतरतात, तुम्हाला कल्पना नाही. मागं एका बाईला सांगितलं, आमच्या बकऱ्या खाडीचं पाणी पितात, म्हणून मटणाला मीठ लागत नाही. तिनं प्रत्येक घासाला मान डोलावली."

"मटण मी केलं होतं," मिस यूडीन म्हणाल्या. "मीठ मी घातलं होतं."

"तेच तर."

माझा धंदाच तो. फेरीतून उतरलेल्या माणसाला जीपमध्ये घालायचं आणि बेट दाखवायचं. बेट म्हणजे मधोमध एक बुटका डोंगर, अलीकडं बंदराची शांत बाजू, पलीकडं वाऱ्याची बाजू, संपलं. एवढ्याशा मालावर पैसे घ्यायचे तर वर थोडी फोडणी लागते. आणि खरं सांगावं तर लोकांना पटत नाही. उन्हाळ्यात आकाश पिवळट होतं, समोरचं बेट दिसेनासं होतं. पाहुणे म्हणतात, वा, धुकं. मी म्हणतो, नाही हो, ही आफ्रिकेतली धूळ, अख्खा समुद्र ओलांडून येते. तर मला खांद्यावर थापटतात आणि हसतात. मग मी म्हणतो, पलीकडच्या बेटावर आज सगळ्यांनी एकदमच चुली पेटवल्यात. लगेच पटतं.

फेरीतून पहिला उतरला तो साठीचा एक काळा गृहस्थ. चौकड्याचा शर्ट, हनुवटीखाली दोरी बांधलेली टोपी, नाकावर पांढरं मलम. बोलणं पक्कं कॅनडाचं. नाव म्हणाला फ्रेड. काळा असला म्हणून आपला होत नाही. तिकडून असे खूप येतात, आजी कुठल्यातरी बेटावरची असते, कुठल्या ते यांनाही ठाऊक नसतं. मिस यूडीनच्या दुकानावरची खोली त्यानं घेतली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या जीपमध्ये बसला.

मी धक्क्यापासूनच सुरुवात केली.

"हे बेट फिरतं, मिस्टर फ्रेड. आत्ता नाही. वादळाचे महिने लागले की."

"असं?"

"साखळी आहे खाली. उत्तरेच्या टोकाला. गंजलीय बिचारी. सरकारनं रंग द्यायचं कबूल केलंय."

त्यानं विचारलं, "कोणता रंग?"

"हिरवा."

"हिरवा बरा," तो म्हणाला.

मला वाटलं, अरे, हा तर लोणीच आहे. चढावर तुरीची शेतं सुकून खडखडत होती. पीक निघालं की आम्ही जनावरं मोकळी सोडतो, पाऊस पडेपर्यंत कुणाची बकरी कुणाच्या दारात. एक बोकड रस्त्याच्या मधोमध बसला होता. मी म्हणालो, हा इथला वाहतूक पोलीस. तो म्हणाला, मग थांबायला हवं. थांबलो.

डोंगराच्या माथ्यावर दोन्ही समुद्र दिसतात. बंदराकडचा निळा, इस्त्री केल्यासारखा. पलीकडचा पांढरा, दात काढून आलेला. वाऱ्याकडची झाडं सगळी एकाच बाजूला विंचरलेली. मी म्हणालो, बेट फिरताना हिसका बसतो त्यांना, त्याची ही खूण. त्यानं मान हलवली. पाऊस का पडत नाही म्हणून विचारलं, तेव्हा मात्र माझ्या तोंडून खरंच निघालं. आमचा डोंगर बुटका. ढग वरून निघून जातो आणि मोठ्या बेटावर जाऊन रिकामा होतो. आम्ही खालून बघत बसतो. छपरावर पडेल तेवढं टाकीत, टाकीत असेल तेवढं पोटात.

मग उतारानं वाऱ्याच्या किनाऱ्याला गेलो. तिथं मी सगळ्यांना नेतो. जुनं दफनभूमीचं मैदान होतं तिथं, आता निम्मं समुद्रात आहे. भरती उतरली की उथळ पाण्यात दगड दिसतात, एखादा क्रूस आडवा. पाहुणे फोटो काढतात. माझा नेहमीचा विनोद ठरलेला आहे.

"आमच्या मेलेल्यांना फार उकडतं, मिस्टर फ्रेड. म्हणून पोहायला उतरलेत."

तो हसला नाही. टोपीची दोरी सोडून त्यानं टोपी हातात घेतली. "सगळे?"

"सगळे नाही. काही तिकडं गेले." मी डोंगराच्या कुशीकडं बोट केलं. तिथं नवी थडगी आहेत, पांढरी.

"ते का गेले?"

"त्यांना पोहता येत नव्हतं."

यावर लोक हमखास हसतात. तो डोंगराकडं बघत राहिला. मग अगदी गंभीरपणे म्हणाला, "म्हणजे ज्यांना पोहता येत नव्हतं, त्यांना हलवलं."

"अर्थात. माणुसकी आहे की नाही?"

"तिकडं थांबाल का जरा?"

थांबलो. तो थडग्यांमधून एकेक बघत फिरला. काहींवर नाव आहे, काहींवर नुसता क्रूस, काहींना कडेनं शंख लावलेले. एका शंखवाल्या थडग्यापाशी तो खाली बसला. मला वाटलं, ऊन लागलं. नाहीतर दुसरंच काही लागलं असेल, आडोसा शोधतोय. मी हॉर्न दिला. एकदा दिला, मग गंमत म्हणून लांबलचक दिला. तो उठला, गुडघे झटकले आणि येऊन बसला. परत येताना मी साखळीची उरलेली गोष्ट सांगितली.

दुकानापाशी मिस यूडीन दारात उभ्या होत्या. कॉस्मो झाडाखाली. मी जीपमधून उडी मारली आणि पाहुण्याला पायरीवर चढवलं.

"मिस्टर फ्रेड, आमच्या मिस यूडीन इथंच जन्मल्या, इथंच म्हाताऱ्या झाल्या, पण यांना भूगोल येत नाही. यांना सांगा. वादळाच्या महिन्यांत हे बेट काय करतं?"

"फिरतं," तो म्हणाला.

"कशावर?"

"साखळीवर. हिरव्या रंगाच्या."

"अजून दिलेला नाही रंग," मी म्हणालो. "पण चालेल. मिस यूडीन, रविवारी जरा ठसठशीत आवाजात सांगायचं. मागच्या बाकावरच्यांना ऐकू येत नाही."

कॉस्मोनं कपाळाला हात लावला. मिस यूडीननी पाहुण्याला एक ग्लास पाणी दिलं. तो ते प्यायला आणि तळाला उरलेलं त्यानं दाराशेजारच्या कुंडीत ओतलं. मग जिन्याकडं वळता वळता म्हणाला, "उद्या पहाटे चालत वर किनाऱ्याला जाऊन येतो जरा," आणि हात केला वाऱ्याच्या बाजूला.

परत घेतलेला ग्लास मिस यूडीनच्या हातातच राहिला.

"कुठं जाऊन येतोस?"

"वर," तो म्हणाला. आणि जिन्याच्या तोंडाशी थबकला. आपण काय बोललो ते त्याच्याही ध्यानात आलं.

आता असं आहे, इथून माथ्यापर्यंत चढ आहे खरा, पण पुढं वाऱ्याच्या किनाऱ्याला रस्ता उतरतच जातो. माथा तेवढा ओलांडला की पाय आपोआप पळतात. किनाऱ्याला जायचं तर जगातला कुठलाही पाहुणा म्हणतो, खाली जाऊन येतो. वर म्हणतो तो फक्त आमच्यातला. वाऱ्याच्या तोंडावर जायचं म्हणजे वर, वाऱ्याला पाठ करून जायचं म्हणजे खाली. शिडाच्या होड्या होत्या तेव्हापासून असंच. चढ-उताराशी काही घेणंदेणं नाही. हे आईच्या दुधाबरोबर तोंडात जातं, ते चाळीस वर्षं कॅनडात राहून निघत नाही.

"कुणाचा रे तू?" मिस यूडीननी विचारलं.

त्यानं नाकावरचं मलम पुसलं. "क्लोटिल्डाचा."

"फर्डिनंड?"

"हो, टँटी यूडीन."

टँटी म्हणजे मावशी. त्यांना मिस न म्हणता टँटी म्हणणारी माणसं आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीही राहिली नाहीत. मिस यूडीननी ग्लास खाली ठेवला. मला वाटलं आता जवळ घेतील. घेतलं नाही.

"तुझ्या आईच्या मयतीला तुझी जागा रिकामी ठेवली होती आम्ही," त्या म्हणाल्या. "पुढच्या बाकावर. कुणाला बसू दिलं नाही."

"कळलं मला. नंतर."

"आता कशाला आलास?"

"दगड बसवायला," तो म्हणाला, आणि कॉस्मोकडं बघितलं. मग पुढं काहीतरी विचारायला त्यानं तोंड उघडलं, मिटलं, आणि जिना चढून वर खोलीत गेला.

आमच्यात दगड बसल्याशिवाय मेलेलं माणूस पोचलं असं धरत नाहीत. वर्ष लागो, दहा वर्षं लागोत, मुलं पैसे जमवतात, दगड बसवतात, गावाला जेवू घालतात, मग सुटका. क्लोटिल्डाचा राहिला होता. टँटी क्लोटिल्डा वाऱ्याच्या बाजूलाच राहायची. जन्मभर समुद्रापाशी राहिली, पण पाण्यात घोट्यापुढं कधी गेली नाही. बोटीत बसायची वेळ आली तर डोळे मिटून स्तोत्रं म्हणायची. तिला पोहता येत नव्हतं हे अख्ख्या बेटाला माहीत होतं.

तेव्हा कुठं माझ्या टाळक्यात उजेड पडला की, माझ्या विनोदातून त्या माणसानं काय उचललं होतं. ज्यांना पोहता येत नव्हतं, त्यांना हलवलं.

"पैज तू हरलास," कॉस्मो म्हणाला. "पाहुणाच नव्हता तो."

"द्या ती टोपी, मिस यूडीन," मी म्हणालो. "उद्या फेरीला घालतो."

मिस यूडीन पायरीवरच बसल्या. "त्याला अजून ठाऊक नाही," त्या म्हणाल्या. "विचारायची छाती होत नाहीये त्याची."

ठाऊक कसं असणार? समुद्र जवळ सरकायला लागला तेव्हा ज्यानं त्यानं आपापली माणसं डोंगराकडं नेली. हाडं उचलायची तर रक्ताच्या माणसानं उचलायची, हा नेम. पोरगा नसेल तर पुतण्या, पुतण्या नसेल तर नात, पण रक्ताचं. परक्यानं हात लावला तर मेलेल्याला आपलं घर सापडत नाही म्हणतात. क्लोटिल्डाचं इथं कुणी नव्हतं. टोरांटोहून सुट्टीला येईल त्याला मिस यूडीन विचारायच्या, फर्डिनंड भेटतो का रे. कुणी म्हणायचं तो पश्चिमेला गेला, कुणी म्हणायचं त्यानं नाव बदललं, एकानं तर तो मेला म्हणून सांगितलं. आम्ही वाट बघत राहिलो. मग ते मोठं वादळ आलं आणि एका दुपारीत मैदानाचा तो कोपराच नेला.

"डोंगरावर ते शंखवालं थडगं आहे ना," कॉस्मो म्हणाला. "बिननावाचं. कुणाचं आहे कुणालाच आठवत नाही. ती तुझी आई म्हणून सांगून टाकू. मी दगड बसवतो. माणूस सुखानं जाईल."

"तुला पाप लागेल," मिस यूडीन म्हणाल्या.

"मला कशाला? सांगणार गार्नेट आहे."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मला वाटत होतं नको म्हणतील. "पण फेरीच्या आधी सांग," त्या म्हणाल्या. "एकदा टोपी डोक्यावर चढली की मला पण पैज मोडता येणार नाही."

आयुष्यात पहिल्यांदा मला खोटं बोलायचं रीतसर काम मिळालं, आणि मी त्याची तालीम केली. सांगायचं असं: शंख मिस यूडीननी स्वतः वेचले. हाडं मिस यूडीनच्या नातवानं उचलली, तुझ्या आजीचा आणि यांचा चुलता एकच, म्हणजे रक्तच ना. सगळं बसत होतं. त्याहून चांगलं खोटं मी कधी रचलं नव्हतं.

सकाळी त्याचं दार वाजवलं. उघडंच होतं. पलंग आवरलेला, पिशवी नाही. तो पहाटेच वर गेला होता.

जीप घेऊन गेलो असतो. पण दोरीवर वाळत घातलेल्या जाळ्यात बकरी अडकली होती, ती सोडवण्यात वेळ गेला, आणि तेवढ्यात फेरीचा भोंगा ऐकू आला. मिस यूडीन टोपी घेऊन दारात उभ्याच होत्या. त्यांनी ती माझ्या डोक्यावर ठेवली, पिना टोचल्या, जाळी खाली ओढली.

"भेटला?"

"नाही."

"मग येशूला काळजी," त्या म्हणाल्या.

धक्क्यावर गाव लोटलं होतं. कॉस्मोनं बातमी पसरवायचं काम मन लावून केलेलं. मी टोपीत उभा, आणि एकेकजण पुढं येऊन विचारतोय.

"गार्नेट, माझी काळी शेळी कुणी खाल्ली?"

"मी. आणि तुझ्या दिरानं."

"माझ्या लग्नात तू रडलास ते कशानं?"

"कांद्यानं. भटारखान्यात होतो."

"माझा आवाज बरा आहे का रे, चर्चमध्ये?"

"नाही, मिस्टर हॅडली. कुणालाच वाटत नाही."

लोक पोट धरून हसत होते. फेरीतून उतरलेले पाहुणे माझे फोटो काढत होते. आणि मलाही मजा येत होती, खोटं का सांगू. सांगताच येत नव्हतं.

मग गर्दी जरा फाकली. तो वाऱ्याच्या रस्त्यानं आला. पिशवी खांद्यावर, विजार गुडघ्यापर्यंत ओली, बाह्या ओल्या. टोपी नव्हती. तो रांगेत उभा राहिला. हो, रांग लावून लोक प्रश्न विचारत होते, आणि तो त्या रांगेत सगळ्यांच्या मागं उभा राहिला, पाहुण्यासारखा.

मिस यूडीन माझ्याजवळ आल्या. "झालं, गार्नेट. फिटली पैज. काढ ती टोपी."

"फेरी सुटली नाही अजून, टँटी," फर्डिनंड मागून म्हणाला. "मला पण विचारायचंय."

रांगेतल्या लोकांनी त्याला पुढं येऊ दिलं. मला जाळीतून त्याचं तोंड चौकटी-चौकटीचं दिसत होतं. मिस यूडीनचा हात टोपीच्या काठावर होता. त्यांनी ओढली असती तर ओढू दिली असती मी. मी त्यांच्याकडं बघितलं. त्यांनी हात काढून घेतला.

"माझ्या आईला पोहता येत नव्हतं," तो म्हणाला. "तिला डोंगरावर नेलं का?"

शंख तयार होते. नातू तयार होता.

"नाही," मी म्हणालो.

"मग पाण्यात आहे."

"पाण्यात आहे."

"इतरांना नेलंत."

"ज्यांचं रक्ताचं माणूस होतं त्यांना नेलं. तुझी वाट बघितली. कुणी म्हणालं तू मेलास, तरी बघितली."

कुणी हसत नव्हतं. पाहुण्यांना काही कळत नव्हतं, एकजण अजून फोटो काढत होता.

"तुम्हीच उचलायचं ना," फर्डिनंड म्हणाला. रागानं नाही. "मी नव्हतो, तर तुम्ही. कोण बघणार होतं?"

"उचलायला हवं होतं," मी म्हणालो. "नेम म्हणून बसून राहिलो. मागं सगळ्यांनी मिळून तिथली वाळू घरं बांधायला नेली, म्हणून तर समुद्र आत आला, त्याला काही नेम लागला नव्हता."

कॉस्मोनं खाली बघितलं. मिस यूडीननी पण. त्या धक्क्यावर ज्याचं घर पक्कं होतं त्या प्रत्येकानं बघितलं.

"सकाळी मी आत गेलो होतो," तो म्हणाला. "गुडघ्याएवढ्या पाण्यात. हातानं चाचपलं. नाव असलेला एकच दगड लागला, तो दुसऱ्याचा. ती नक्की कुठं होती?"

हे मला येत होतं. तीस वर्षं मी त्या किनाऱ्यावर उभा राहून बाता मारल्यात, तिथला प्रत्येक दगड मला ठाऊक आहे. "फेरी उत्तरेच्या टोकाला वळसा घालून वाऱ्याकडून जाते. टोक ओलांडलंस की उजव्या हाताला उभा राहा. खडकांवर लाटा फुटतात त्याच्या आतलं पाणी फिकट हिरवं दिसेल. त्यात एक काळा डाग आहे. तो चिंचेचा बुंधा, वादळात पडलेला. ती त्याच्या पायाशी होती."

"बुंध्याच्या आतल्या बाजूला?"

"बाहेरच्या. समुद्राकडं."

"म्हणजे सगळ्यात आधी तीच गेली."

मला हो म्हणायला लागलं.

कॉस्मो पुढं आला. "दगडाचं काय करू मग?"

"कशावर बसवशील?" फर्डिनंड म्हणाला. त्यानं खांद्यावरची पिशवी सावरली. मिस यूडीनपाशी थांबला, वाकला, आणि त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. मग तो फेरीत चढला आणि सगळे डावीकडच्या सावलीत बसलेले असताना उजवीकडच्या उन्हात जाऊन उभा राहिला.

भोंगा वाजला, पण दोर सुटायला वेळ होता. नुकतीच उतरलेली एक पाहुणी बाई माझ्यासमोर आली. उन्हानं लाल झालेली, हातात नकाशा. तिला कुणीतरी सांगितलं असणार की टोपीवाल्याला काहीही विचारा.

"इथं संडास कुठं आहे?"

"मिस यूडीनच्या दुकानामागं," मी म्हणालो. "पण पाणी नाही."

"पाणी कधी येईल?"

"माहीत नाही," मी म्हणालो, आणि फेरी धक्क्यापासून सुटेपर्यंत टोपी घालून तिथंच उभा राहिलो.